तुम्ही विचारलंत म्हणून: धंद्याचा ब्लेंडर घरात परवडतो का?

“एवढे पैसे घालून घ्यावा का हो?” हा प्रश्न महिन्यातून चार-पाचदा तरी माझ्यासमोर येतो. मी ब्लेंडर विकत नाही, बिघडलेले उघडतो, म्हणून मला विचारत असावेत. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतो तो साधा कमर्शियल ब्लेंडर: खाली जडशीळ बेस, वर जार आणि पुढे दोन स्पीडचा एकच खटका. पडदा नाही, टायमर नाही, दिसायला ओबडधोबड. आणि किंमत घरगुती ब्लेंडरच्या कितीतरी पट. “यात एवढं आहे तरी काय?” हा पुढचा प्रश्न ठरलेला.

आधी घरगुती ब्लेंडर मरतो कसा ते सांगतो. जळालेलं मशीन उघडलं की पहिल्यांदा वास येतो. तारांवरचं वॉर्निश जळाल्याचा, एकदा नाकात बसला की न विसरता येणारा. वायंडिंग, म्हणजे मोटरमधली तारांची गुंडाळी, काळी पडलेली असते, आत कार्बनची काळी भुकटी उडालेली असते. मग मी दोन्ही कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे, वापराने झिजत जाणारे तुकडे) बाहेर काढून बघतो, आणि बहुतेक वेळा ते अर्धेसुद्धा झिजलेले नसतात. म्हणजे मशीन म्हातारं झालेलं नव्हतंच. ऐन तारुण्यात गेलं.

हिशोब करून बघा. घरी रोज एकदा, चाळीस सेकंद ब्लेंडर फिरतो असं धरू. वर्षभराचे झाले जेमतेम 4 तास. दुकानात तेच चाळीस सेकंद दिवसातून 40 वेळा फिरवले, तर हे 4 तास नऊ-सव्वानऊ दिवसांत संपतात. तुमचं अख्खं वर्ष म्हणजे दुकानाचा दीड आठवडाही नाही. घरी मोटर झिजून मरायला फार वर्षं लागतील. ती मरते एखाद्याच दिवशी, पाच मिनिटांत.

त्या पाच मिनिटांत काय होतं? जारमध्ये घट्ट माल, पाणी घालायचा कंटाळा आणि बटणावर दाबून धरलेलं बोट. आवाज खाली उतरतो, मोटर कण्हायला लागते. या मोटरचा गुण असा की भार वाढला की वेग उतरतो आणि करंट वाढतो. तिला थंड ठेवणारा पंखा त्याच शाफ्टवर असतो. म्हणजे ऐन तापायच्या वेळी वारा कमी. आवाज उतरला की थांबायचं, एवढं पाळलं तरी माझ्याकडे येणारी निम्मी मशीनं येणार नाहीत. (माझ्या पोटावर पाय येईल, पण असो.)

धंद्याच्या ब्लेंडरमध्ये पैसे जातात ते इथे. तांबं जास्त, पंखा मोठा, हवा जायला नीट वाट आणि चांगल्या मशीनमध्ये ओव्हरलोड संरक्षण: मोटर प्रमाणाबाहेर तापली की आपोआप बंद पडते, गार झाली की पुन्हा चालते. एकामागून एक पंचवीस वेळा फिरवलं तरी दम लागू नये, याची ती किंमत आहे. एकदाच फिरवणाऱ्याला एवढी ताकद हवी कशाला?

साधेपणाबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. खटक्याचा स्विच गेला तर दहा मिनिटांत बदलतो. गुळगुळीत पॅनेलची बटणं एकदा ओलावा खाऊन बसली की अख्खा बोर्ड बदलावा लागतो, तोही मिळाला तर. हे यंत्र मुळात दुकानासाठीच जन्माला आलं, हेही लक्षात घ्या. स्टीफन पॉप्लॉव्स्की यांनी 1922 मध्ये भांड्याच्या तळाशी फिरणारं पातं बसवलं ते पेयांच्या दुकानात माल्टेड दूध घुसळायला. घरात ते नंतर आलं. खाली मोटर, वर भांडं, मधे पातं ही मांडणी अजून तीच आहे, त्यामुळे बटणं वाढवून काम फारसं वाढत नाही.

हॉर्सपॉवरच्या आकड्याला भुलू नका. खोक्यावर ‘3 हॉर्सपॉवर’ लिहिलेलं असतं. 1 हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॉट, तेव्हा तीनाचे झाले 2,238. आता मशीन उलटं करून बुडाची पट्टी वाचा. तिथे 1,200 वॉट दिसले, तर जेवढी वीज आत जात नाही तेवढी ताकद बाहेर येणार कुठून? खोक्यावरचा आकडा क्षणभराच्या कमाल जोराचा. पट्टीवर कधीकधी ‘केबी’ आणि मिनिटांचा आकडाही असतो, म्हणजे सलग किती वेळ चालवायचं याची मर्यादा. तो आकडा बघणारं गिऱ्हाईक मला क्वचितच भेटतं.

जारकडे तर कुणी बघतच नाही, आणि महागडं मशीन बंद पडायचं खरं कारण बऱ्याचदा तिथेच असतं. पात्याखाली बेअरिंग, त्यावर सील. सील गेलं की पाणी खाली झिरपतं, बेअरिंग गंजतं. रिकामा जार हातात घेऊन पातं बोटाने हळूच फिरवा. खरखर लागली किंवा बुडाशी तपकिरी ओघळ दिसला तर समजा, सुरुवात झाली. कमर्शियल मशीनलाही हे चुकत नाही. म्हणून घ्यायच्या आधी विचारा: पात्याचा सेट सुटा मिळतो का, कपलर (मोटर आणि पातं जोडणारा तुकडा) मिळतो का, नुसता जार केवढ्याला? जारची किंमत ऐकून लोक खाली बसलेले मी पाहिलेत.

घरात घेतल्यावरच्या दोन अडचणी दुकानदार सांगत नाही. मोठ्या जारमध्ये एका माणसापुरतं टाकलं तर ते भिंतींना जाऊन चिकटतं आणि पातं मधे हवेत फिरत राहतं. निम्मा वेळ चमचा घेऊन खरवडण्यात जातो. दुसरी अडचण वॉरंटीची. घरगुती मशीन धंद्यात वापरलं तर वॉरंटी सहसा जाते, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. काही कंपन्या उलटंही करतात: कमर्शियल मशीन घरात वापरलेलं त्यांना चालत नाही. तो बारीक मजकूर पैसे देण्याआधी वाचा.

मग घ्यावा का? दिवसातून आठ-दहा वेळा फिरवत असाल, घरी आठ-दहा माणसं असतील, किंवा रोज बर्फ आणि घट्ट माल लागत असेल, तर घ्या, आणि दोन स्पीडचाच घ्या. सकाळी एक ग्लास एवढंच काम असेल तर बऱ्यापैकी घरगुती मशीन घ्या आणि उरलेल्या पैशांतून त्याचाच एक जादा जार आणून ठेवा.

माझ्या घरी कमर्शियलच आहे, हे कबूल करायला हवं. दुरुस्तीला टाकून मालक परत न्यायला आलाच नाही, तेव्हा दोन वर्षं वाट बघून घरी नेला. मोटर ठणठणीत आहे. पण सकाळी सहाला तो सुरू केला की सगळं घर उठून बसतं, म्हणून आमच्याकडे त्याची वेळ आठनंतरची ठरलेली आहे. तोवर मला काही हवं असेल तर मी चमच्यानेच ढवळतो.