प्रायव्हेट व्हीलॅन: पिंग थांबलं, पाकीट मात्र पोचत होतं

मागच्या नोंदीत कॅमेऱ्यांच्या केबली ओढून झाल्या होत्या. त्यानंतरचे चार शनिवार प्रायव्हेट व्हीलॅनमध्ये गेले. व्हीलॅन म्हणजे स्विचवर (उपकरणं केबलने जोडायच्या पेटीवर) केलेलं वेगळं आभासी नेटवर्क; प्रायव्हेट व्हीलॅन त्याच्या आतल्या उपकरणांनाही एकमेकांपासून तोडतो. काम चालू झालंय, पण तिसऱ्या शनिवारी जे दिसलं ते सविस्तर लिहायलाच हवं. घरच्या लॅबमध्ये असं आयसोलेशन करणाऱ्या प्रत्येकाने ती चाचणी करून बघावी असं मला मनापासून वाटतं.

आधी सामान. लॅमिंग्टन रोडवरून वापरलेला सिस्कोचा कॅटलिस्ट ३५६०-८पीसी स्विच घेतला. आठ पोर्ट, आठही पीओई (केबलमधूनच वीज देणारे), वरच्या जोडणीसाठी एक गिगाबिट अपलिंक, आणि पंखा नाही. पोर्ट १०० एमबीपीएसचे आहेत, कॅमेऱ्याला तेवढे पुष्कळ. पंखा नसल्यामुळे बैठकीच्या खोलीतल्या कपाटात ठेवता आला, नाहीतर घरच्यांनी एक रात्रही चालू दिला नसता. घेताना एक गोष्ट बघा: कॅटलिस्ट २९६० स्वस्त मिळतो, दिसायलाही तसाच असतो, पण त्याला प्रायव्हेट व्हीलॅन येत नाही. त्याच्यात पोर्ट आपसात तोडणारं फक्त ‘स्विचपोर्ट प्रोटेक्टेड’ आहे आणि त्याचा परिणाम त्या एका स्विचपुरताच.

गरज साधी होती. दोन कॅमेरे, टीव्ही आणि पाहुण्यांच्या लॅपटॉपसाठी एक पोर्ट, यांनी एकमेकांशी बोलायचं काहीच कारण नाही. प्रत्येकाला वेगळा व्हीलॅन दिला तर चार सबनेट (पत्त्यांचे गट), चार गेटवे (बाहेर जायची दारं), चार डीएचसीपी पूल (आपोआप वाटायचे पत्ते) सांभाळत बसा. प्रायव्हेट व्हीलॅनमध्ये सबनेट एक, गेटवे एक आणि भिंती आतल्या आत. ज्यांना मुळापासून वाचायचंय त्यांनी फेब्रुवारी २०१० चा आरएफसी ५५१७ (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी एक) उघडावा, छोटा आणि वाचनीय आहे.

माझी मांडणी अशी: प्रायमरी (मुख्य) ५००, त्याच्याखाली दोन सेकंडरी: आयसोलेटेड (आतल्यांना आपसात बोलता येत नाही) ५०१, कम्युनिटी (आपसात बोलता येतं) ५०२. कॅमेरे, टीव्ही आणि पाहुणे ५०१ मध्ये. मुलांचे दोन पीसी ५०२ मध्ये, कारण ते दोघे आपसात गेम खेळतात. एका प्रायमरीखाली आयसोलेटेड एकच चालतो, कम्युनिटी हवे तेवढे करा. कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर प्रॉमिस्क्युअस, म्हणजे मॅपिंगमधल्या सगळ्यांशी बोलू शकणाऱ्या, पोर्टवर लावला आणि त्याच्या मॅपिंगमध्ये फक्त ५०१ दिला. त्यामुळे टीव्हीसुद्धा रेकॉर्डरपर्यंत पोचू शकतो हे मला माहीत आहे. सध्या तेवढं चालवून घेतलंय.

पहिल्या शनिवारी ‘प्रायव्हेट-व्हीलॅन आयसोलेटेड’ टाइप केलं तर स्विचने नकार दिला. व्हीटीपी (स्विचेसमध्ये व्हीलॅनची यादी वाटणारा प्रोटोकॉल) सर्व्हर मोडमध्ये होता. व्हीटीपीच्या आवृत्ती १ आणि २ मध्ये ट्रान्स्परंट मोड केल्याशिवाय प्रायव्हेट व्हीलॅन बनत नाही. मोड बदलला आणि पुढचं सगळं अर्ध्या तासात झालं: ५०० ला ‘प्रायव्हेट-व्हीलॅन प्रायमरी’ आणि ‘असोसिएशन ५०१,५०२’, होस्टच्या पोर्टला ‘स्विचपोर्ट मोड प्रायव्हेट-व्हीलॅन होस्ट’ आणि ‘होस्ट-असोसिएशन ५०० ५०१’. कन्फिग सेव्ह न करता जेवायला उठले. वळवाचा पाऊस, वीज गेली. परत आली तेव्हा स्विच पुन्हा सर्व्हर मोडमध्ये आणि ५०० चा मागमूस नाही. तेव्हापासून ‘राइट मेमरी’ (कन्फिग सेव्ह) आधी आणि जेवण नंतर.

दुसऱ्या शनिवारी गेटवे उभा केला. सेकंडरी व्हीलॅनला स्वतःचा एसव्हीआय (स्विचमधला, गेटवेचं काम करणारा आभासी इंटरफेस) देता येत नाही. एसव्हीआय फक्त ५०० चा, पत्ता १९२.१६८.५०.१, आणि त्याच्याखाली ‘प्रायव्हेट-व्हीलॅन मॅपिंग ५०१,५०२’. ही ओळ लिहायची राहिली की आतल्या कुणालाच गेटवे दिसत नाही, आणि पोर्टची कन्फिग तर बरोबर दिसत असते, त्यामुळे माणूस भलतीकडेच शोधत बसतो. मॅक टेबल (कुठल्या उपकरणाचा हार्डवेअर पत्ता, म्हणजे मॅक, कुठल्या पोर्टवर आहे याची यादी) उघडून बघा, छान समजतं: टीव्हीचा एकच मॅक ५०१ मध्येही आणि ५०० मध्येही दिसतो. टीव्हीकडून निघालेली फ्रेम ५०१ मधून वर जाते, गेटवेचं उत्तर ५०० मधून खाली येतं. जाण्याचा रस्ता वेगळा, येण्याचा वेगळा. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं आपोआप उलगडतं.

आता तिसरा शनिवार. दोन जुने लिनक्स लॅपटॉप आयसोलेटेड पोर्टना लावले, पत्त्याचा शेवटचा आकडा एकाचा .११, दुसऱ्याचा .१२. .११ वरून .१२ ला पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ विचारणारं पाकीट (पॅकेट), उत्तर नाही. एआरपीलाच, म्हणजे आयपी पत्त्यावरून मॅक विचारणाऱ्या हाकेलाच, उत्तर येत नव्हतं. इथे बरेच जण ‘झालं’ म्हणून उठतात, मीही उठणारच होते. पण आयसोलेटेड पोर्ट अडवतो तो लेयर २ चा, म्हणजे मॅकवर चालणारा थेट रस्ता. गेटवेशी तर सगळ्यांना बोलता येतंच. मग पाकीट गेटवेच्या हातात दिलं आणि वर पत्ता शेजाऱ्याचा लिहिला तर?

.११ वर एकच ओळ दिली: .१२ ला जायचा रूट गेटवेमार्गे, म्हणजे ‘आयपी रूट अ‍ॅड १९२.१६८.५०.१२ व्हाया १९२.१६८.५०.१’. धाकट्या लेकीला .१२ समोर टीसीपीडम्प (येणारी पाकिटं दाखवणारा प्रोग्रॅम) लावून बसवलं आणि पिंग सुरू केलं. माझ्या पडद्यावर उत्तर नाही, १०० टक्के लॉस. मी थांबवणार तेवढ्यात ती म्हणाली, “आई, इकडे ओळी येतायत.”

जाऊन बघितलं. दर सेकंदाला एक एको रिक्वेस्ट (पिंगचा प्रश्न), .११ कडून, अगदी व्यवस्थित पोचत होती. गेटवेने पाकीट ज्या इंटरफेसवर घेतलं त्याच इंटरफेसवरून परत खाली सोडलं होतं. .१२ उत्तर द्यायला .११ ला थेट शोधत होता, ते एआरपी स्विच अडवत होता, म्हणून माझ्याकडे लॉस दिसत होता. .१२ वरही उलटा रूट घातला आणि पिंग दोन्हीकडून चालू झालं. दोन आयसोलेटेड पोर्ट, मधे भिंत, आणि गप्पा सुरू. ज्या कॅमेऱ्याच्या फर्मवेअरवर आपला भरवसा नाही त्याला बिघडवायला एकतर्फी पोचलेलं एक पाकीटही पुरतं. म्हणून पिंग अडलं यावर कधीच थांबू नका. समोरच्या टोकाला टीसीपीडम्प लावा आणि तिथे काय उतरतंय ते बघा.

यात स्विचचं काही चुकत नाही. गेटवेचं कामच रूट करणं. तिथे एसीएल (काय जाऊ द्यायचं आणि काय अडवायचं याची यादी) लावायची जबाबदारी आपली. मी ५०० च्या एसव्हीआयवर आत येणाऱ्या दिशेला लावली: १९२.१६८.५०.० कडून १९२.१६८.५०.० कडे डिनाय, वाइल्डकार्ड ०.०.०.२५५ (म्हणजे सबनेटमधला कुठलाही पत्ता), आणि खाली बाकी सगळ्याला परमिट. लेकीच्या पडद्यावरच्या ओळी त्या क्षणी थांबल्या. मुलांचे पीसी आणि रेकॉर्डर यांच्यावर परिणाम नाही, कारण त्यांची बोलणी लेयर २ वरच होतात, एसव्हीआयपर्यंत येतच नाहीत.

एक चूक मात्र राहिली होती. गेटवेचा स्वतःचा पत्ताही त्याच सबनेटमध्ये आहे, म्हणजे डिनायमध्ये तोही सापडला. इंटरनेट चालू होतं, म्हणून लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी लॅपटॉपचा लॉग बघितला तर डीएचसीपीची विनंती .१ ला पुन्हा पुन्हा जातेय आणि उत्तर नाही. पूल त्याच स्विचवर आहे, मुदत एक दिवसाची. अर्ध्या मुदतीला, म्हणजे १२ तासांनी, क्लायंट थेट सर्व्हरच्या पत्त्यावर नूतनीकरण मागतो, ते एसीएल खात होती. २१ तासांनी तो ब्रॉडकास्ट करतो, तेव्हा कुठे निभत होतं. डिनायच्या वर ‘परमिट आयपी एनी होस्ट १९२.१६८.५०.१’ घातलं आणि लॉग शांत झाला.

चौथ्या शनिवारी जिन्याचा कॅमेरा बदलला. नव्यालाही जुनाच पत्ता दिला, .२१. रेकॉर्डरवर चित्र लगेच आलं, पण कोपऱ्यातल्या तारखेत १९७० साल. वेळ बाहेरच्या एनटीपी (वेळ सांगणाऱ्या) सर्व्हरवरून घ्यायची, आणि गेटवे उत्तरं जुन्या कॅमेऱ्याच्या मॅकला पाठवत होता. प्रायव्हेट व्हीलॅनच्या एसव्हीआयवर शिकलेल्या एआरपी नोंदी स्टिकी असतात, काळानुसार पुसल्या जात नाहीत, आणि त्याच पत्त्यावर नवा मॅक आला तर स्विच तो स्वीकारत नाही, फक्त लॉगमध्ये तक्रार लिहितो. एका पत्त्यावर दुसऱ्याने हक्क सांगू नये म्हणून हे बरंच आहे. ‘नो एआरपी १९२.१६८.५०.२१’ दिलं, दोन मिनिटांत घड्याळ बरोबर.

आता उरलंय मागच्या खोलीतलं. तिथे माझा जुना २९६० आहे. ट्रंकवर (अनेक व्हीलॅन टॅग लावून नेणाऱ्या जोडणीवर) ५०१ नेऊन तिथे साधा अ‍ॅक्सेस (एकाच व्हीलॅनचा) पोर्ट करून बघितला. वर जाणाऱ्या फ्रेम ५०१ च्या टॅगने नीट पोचल्या, पण उत्तरं ५०० च्या टॅगने येतात आणि २९६० ला या दोघांचं नातं ठाऊक नाही, त्यामुळे पोर्टपर्यंत काहीच उतरलं नाही. सध्या त्या खोलीला वेगळा व्हीलॅन ५१०, वेगळं सबनेट आणि पोर्टवर ‘प्रोटेक्टेड’ दिलंय. ५१० च्या एसव्हीआयवरही तशीच एसीएल आहे, आणि टीसीपीडम्पची चाचणी तिथेही करून घेतली. .१२ च्या जागी बसायला लेक या वेळी स्वतःहून आली. दुसरा ३५६० मिळाला की तोच ५००, ५०१, ५०२ चा संच दोन्हीकडे सारखा लिहून ट्रंकवरून नेणार आहे. कुणाकडे पडून असेल तर सांगा, ८पीसीच हवा असं नाही, पण पंखेवाला असेल तर आवाज किती येतो ते आधी कळवा.