दोन खुणा, मोजणी एकाच रकान्यात

अमेरिकी विद्यापीठाचा नेमणुकीचा फॉर्म आज वाचला. पहिला प्रश्न: तुम्ही हिस्पॅनिक किंवा लॅटिनो (म्हणजे स्पॅनिशभाषक किंवा लॅटिन अमेरिकी मुळाचे) आहात का? दुसरा: वंश कोणता? पाच पर्याय, लागू असतील तितक्यांवर खूण करा.

डोमिनिकन (कॅरिबियनमधल्या स्पॅनिशभाषक डोमिनिकन रिपब्लिकमधल्या) घरातली कृष्णवर्णीय प्राध्यापिका पहिल्याला 'हो' म्हणते, दुसऱ्यात 'ब्लॅक'वर खूण करते. पण विद्यापीठ शिक्षण खात्याला आकडे पाठवतं, तेव्हा त्या 'हो'मुळे ती फक्त हिस्पॅनिक धरली जाते. कृष्णवर्णीय प्राध्यापकांच्या आकड्यात ती नाहीच! हे फार खटकलं.

मार्च २०२४ मध्ये दोन्ही प्रश्न एकत्र करणारे केंद्रीय निकष आले. पण मूळ खुणा तर विद्यापीठाकडे आधीपासूनच असतात. मग निदान स्वतःच्या अहवालात तिला दोन्हीकडे मोजायला काय अडचण आहे?