ग्लुटेनमुक्त आहार: धान्य बदलल्यानंतरचे खरे काम

सिलिॲक आजारात गहू, बार्ली अशा धान्यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. या आजाराची शंका येताच गहू बंद करण्याची घाई अनेक जण करतात आणि त्या घाईमुळे पुढचे निदान अवघड होऊन बसते. रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी आणि लहान आतड्याच्या अस्तराचा नमुना घेऊन होणारी तपासणी, या दोन्हींचे निष्कर्ष रुग्ण ग्लुटेन खात असेल तरच भरवशाचे ठरतात. आहार आधीच बदलला तर प्रतिपिंडे उतरू लागतात, अस्तर सुधारू लागते आणि मग केवळ तपासणीसाठी पुन्हा काही आठवडे तेच अन्न खावे लागते. त्रासातून नुकत्याच सावरलेल्या माणसावर अशी वेळ येऊ नये, म्हणून हे सर्वांत आधी सांगावेसे वाटले.

माझ्या मुलीचे निदान झाल्यावर आम्ही गहू, बार्ली आणि राय ही तिन्ही धान्ये तिच्या ताटातून काढली. तांदूळ, मका, ज्वारी, बाजरी, डाळी, बटाटे, अंडी, दूध, फळे आणि भाज्या यांत मुळात ग्लुटेन नसतेच, त्यामुळे पोट भरण्याचा प्रश्न फारसा आला नाही. ओट्सचा प्रश्न वेगळा आहे. शेतापासून कारखान्यापर्यंत त्यांत गहू किंवा बार्ली मिसळलेली असण्याची शक्यता मोठी असते, आणि शुद्ध ओट्ससुद्धा काही मोजक्या रुग्णांना सोसत नाहीत. म्हणून ते डॉक्टरांना विचारूनच सुरू करावेत. सोया सॉस, माल्ट, तयार सूप आणि मसाल्यांची मिश्रणे यांच्या वेष्टनावरील घटकांची यादी दर खरेदीच्या वेळी वाचावी लागते, कारण उत्पादक घटक बदलू शकतात.

मात्र धान्य बदलणे हा या आहाराचा सोपा भाग आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार एक किलो पदार्थात २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसेल, तरच त्याला ग्लुटेनमुक्त म्हणता येते. दिवसाकाठी सुमारे १० मिलिग्रॅमपर्यंतचे ग्लुटेन बहुतेक रुग्णांना बाधत नाही, पण रोज ५० मिलिग्रॅम पोटात जात राहिले तर आतड्याच्या अस्तराला इजा होऊ शकते, असे अभ्यासांत दिसले आहे. ५० मिलिग्रॅम ग्लुटेन म्हणजे पावाचा जेमतेम चिमूटभर चुरा. हे प्रमाण एकदा नीट लक्षात आले की स्वयंपाकघरातील प्रत्येक वस्तूकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते.

ग्लुटेन हे प्रथिन आहे, जंतू नव्हे. त्यामुळे उकळल्याने, भाजल्याने किंवा हातांना निर्जंतुक द्रव चोळल्याने ते नाहीसे होत नाही. ते घासून आणि धुऊनच काढावे लागते. जिथे घासणी पोहोचत नाही तिथे ते राहून जाते. पिठाची चाळणी उजेडासमोर धरून पाहिली तर जाळीच्या तारा जिथे कडेच्या पट्टीत शिरतात तिथे पिठाचा वाळून घट्ट झालेला थर दिसतो, आणि तो कितीही धुतले तरी पूर्ण निघत नाही. लाकडी लाटण्याच्या चिरा, चरे पडलेला नॉनस्टिक तवा आणि भांडी घासण्याचा स्पंज यांचेही तसेच आहे. एवढ्या वस्तू आम्ही मुलीसाठी नव्या आणि वेगळ्या आणल्या. स्टीलची आणि काचेची भांडी मात्र तीच ठेवली, कारण साबणाने नीट घासून वाहत्या पाण्याखाली धुतल्यावर ती सुरक्षित असतात. घाबरून सगळे घर नव्याने मांडण्याची गरज नसते, असे माझे ठाम मत आहे.

सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते ते सामाईक बरण्यांकडे. पावावर फिरवलेली सुरी पुन्हा लोण्यात गेली की पावाचे कण लोण्याच्या पिवळ्या पृष्ठभागात रुतून बसतात. जॅम आणि मध यांच्या बरण्यांतही हेच घडते, म्हणून तिच्या बरण्या वेगळ्या असून त्यांवर तिचे नाव लिहिलेले आहे. त्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवतो, म्हणजे वरून काही सांडून त्यांत पडण्याची भीती राहत नाही. तिचा स्वयंपाक आधी होतो आणि गव्हाचे पदार्थ नंतर. ज्या तेलात पिठात घोळवलेले पदार्थ तळले, किंवा ज्या पाण्यात गव्हाचा पास्ता उकडला, ते तिच्यासाठी पुन्हा वापरले जात नाही. कोरडे पीठ हवेत उडून बराच वेळ तरंगते, म्हणून तिचे अन्न उघडे असताना पीठ चाळणे पूर्ण बंद आहे. गहू दळलेल्या यंत्रावर दळलेले कोणतेही पीठ आम्ही घेत नाही, मग ते मुळात कितीही निर्धोक धान्याचे असो.

घरातील लहानथोर सर्वांना यामागचे कारण सांगावे लागते. कारण समजलेले मूल नियम विसरत नाही. नुसते दटावून ठेवले तर ते लपवायला शिकते. पाहुणे मदतीला आले, तर कोणता चमचा कशाचा हे मी त्यांना आधीच दाखवते आणि त्यात संकोच बाळगत नाही.

रक्तातील प्रतिपिंडे उतरायला कित्येक महिने लागतात, काहींना वर्षाहून अधिक काळ लागतो. म्हणून पहिल्या फेरतपासणीत आकडा पूर्ण उतरला नाही तर खचून जाऊ नये. तो सतत खाली येत असेल तर आहार बरोबर चालला आहे. एका जागी अडकला किंवा वर गेला, तर आहारतज्ज्ञांसोबत बसून प्रत्येक बरणी, प्रत्येक वेष्टन आणि रोजचे औषधसुद्धा पुन्हा तपासावे, कारण गोळ्यांतही कधी कधी गव्हाचा स्टार्च वापरलेला असतो.