दोनदा आलेलं टर्निंग

वागळे इस्टेटमध्ये रोड नंबर 22 च्या आतल्या गल्लीत आमचं मशीनशॉप आहे. तीन लेथ, एक मिलिंग, आणि पोटमाळ्यावर माझं टेबल. कोटेशन, चलन, बिलं सगळं माझ्याकडे. कोटेशनं मी टिडलीविकीत ठेवते. जेरेमी रस्टन यांनी 2004 मध्ये आणलेलं हे सॉफ्टवेअर म्हणजे एकच एचटीएमएल फाइल. ब्राउझरमध्ये उघडते, नेट गेलं तरी काम अडत नाही. दर कोटेशनला एक पान. त्यात कामांची नावं आणि रकमा यांचे पाच-पाच रकाने. 2019 च्या 5.1.20 आवृत्तीत बेरीज-गुणाकार आले, त्यामुळे मला कॅल्क्युलेटर हातात घ्यावा लागत नाही.

विकीच्या लेखी मात्र रकान्यातलं 180 हासुद्धा मजकूरच. बेरीज करायच्या क्षणी तो त्याचा आकडा करतो. सुरुवातीला मी 1,250 असा स्वल्पविराम देऊन लिहिलं, तर त्याने स्वल्पविरामाच्या आधीचा 1 तेवढा धरला. देवनागरी अंक टाकले तर सरळ शून्य. हे मी लवकर शिकले आणि मग निर्धास्त झाले.

त्या दिवशी ईएन-8 पोलादाच्या 200 शाफ्टचं कोटेशन चार वाजेपर्यंत पाठवायचं होतं. मटेरियल 410, टर्निंग (लेथवर गोल कातणं) 180, मिलिंग 240, हीट ट्रीटमेंट 95, मग फिनिशिंगसाठी पुन्हा टर्निंग 180. नगाचा रेट आला 925, एकूण 1,85,000. खाली 'जॉइन'ने कामांची नावं स्वल्पविरामाने जोडून एक ओळ तयार होते, ती जॉबकार्डावर जाते. प्रिंट काढून मी फोरमनकाकांकडे सहीला नेली.

काकांनी रकमेकडे पाहिलंच नाही. ती ओळ वाचली आणि चष्मा कपाळावर चढवला. "ताई, कच्च्या बारवर थेट मिलिंग लावायचं? आधी टर्निंग नको?"

ओळीत होतं: मटेरियल, मिलिंग, हीट ट्रीटमेंट, टर्निंग. पहिलं टर्निंग गायब. मी वर येऊन पान उघडलं, तर रकान्यात टर्निंग दोन्ही ठिकाणी जागच्या जागी होतं. म्हणजे मी लिहायला चुकले नव्हते, जोडताना एक गळलं होतं. तेव्हा पोटात गोळा आला. नावं जोडताना एक गळत असेल, तर रकमा मिळवताना?

पाठकोऱ्या चलनावर हाताने बेरीज मांडली. 1105. शेवटचं 180 खोडून 181 केलं, तर स्क्रीनवर 1106 उमटलं. परत 180 केलं, पुन्हा 925. एका रुपयाने एकूण 181 रुपये हलत होते. हे मी तीनदा करून पाहिलं, कारण विश्वास बसत नव्हता.

कारण कळलं तेव्हा मात्र पटलं. टिडलीविकीतला फिल्टर, म्हणजे ज्या सूत्रातून ही जोडणी आणि बेरीज होते तो, मुळात पानांच्या नावांची यादी करायला बनवलेला आहे, आणि एका विकीत एकाच नावाची दोन पानं असू शकत नाहीत. म्हणून यादीत तोच शब्द दुसऱ्यांदा आला की आधीचा निघतो आणि नवा शेवटी बसतो. 'टर्निंग' काय किंवा '180' काय, त्याला दोन्ही सारखेच. दोन्ही हवे असतील तर प्रत्येकाच्या आधी बरोबरचं (=) चिन्ह द्यायचं. माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते पान वाचलं नव्हतं. पाचही रकान्यांच्या आधी चिन्ह दिलं, रेट 1105 झाला, एकूण 2,21,000. छत्तीस हजारांचा फरक. आमच्यासारख्या शॉपमध्ये ते एका कारागिराच्या पगाराहून जास्त आहेत.

नावंही बदलली. आता 'रफ टर्निंग' आणि 'फायनल टर्निंग' असंच लिहिते. चिन्ह कधी विसरलं तरी निदान जॉबकार्ड चुकायला नको, कारण खाली लेथवर उभा असलेला मुलगा कार्ड वाचूनच काम लावतो.

पावणेचारला कोटेशन गेलं. पण मला घरी जाववेना. जुनी कोटेशनं एकेक उघडत बसले, साडेआठपर्यंत. बहुतेक ठिकाणी रकमा वेगवेगळ्या होत्या. एका बुशच्या कामात ड्रिलिंग 12 आणि टॅपिंग 12 सापडलं. 500 नग. सहा हजार कमी लावले होते, माल पोचला होता, पैसेही येऊन गेले होते.

सकाळी मालकांना ते पान दाखवलं. त्यांनी दोन्ही बाराच्या आकड्यांवर बोट ठेवलं, थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "झालं ते झालं. त्या पार्टीची पुढची ऑर्डर आली की टॅपिंग धरून रेट दे. आणि फोरमनला सांग, यापुढे प्रत्येक कोटेशन त्याने वाचल्याशिवाय जायचं नाही."