बडोद्याहून पश्चिमेला निघायचं, पूर्वेकडून परत यायचं

जगप्रदक्षिणा करायचीय असं बडोद्यात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "कुठल्या टूरबरोबर?" टूर नाही हो, आपलं आपण, असं म्हटलं की लगेच दुसरा, "मग लॉटरी लागली की काय?" लॉटरी वगैरे काही नाही. पण विमान कंपन्यांचं जगाभोवती फिरायचं एकच तिकीट मिळतं हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं, मी आणि नवरा सध्या त्याच्याच मागे लागलोय, आणि व्हॉट्सअॅपवर प्रत्येकाला तेच तेच टाईप करून कंटाळा आला म्हणून इथे एकदाच लिहून टाकते.

तर एकटी कुठलीच कंपनी सगळ्या जगात उडत नाही, म्हणून त्यांनी गट केलेत. स्टार अलायन्स १९९७ मध्ये पाच कंपन्यांनी मिळून काढलं, आपली एअर इंडिया त्यात २०१४ ला गेली. वनवर्ल्ड १९९९ चं, त्यात कतार, मलेशिया, जपान एअरलाईन्स, अमेरिकन, ब्रिटिश, इबेरिया, क्वांटास, श्रीलंकन असे बरेच जण आहेत. जगाच्या तिकिटाचे नियम दोन्हीकडे साधारण सारखेच: पूर्वेला किंवा पश्चिमेला, एक दिशा धरायची ती धरायची, अटलांटिक एकदा ओलांडायचा, पॅसिफिक एकदा, ज्या देशातून निघालात तिथेच संपवायचं, जास्तीत जास्त १६ फ्लाईट, आणि मुदत कमीत कमी १० दिवस ते जास्तीत जास्त एक वर्ष. मधला एखादा टप्पा तुम्ही बसने किंवा ट्रेनने केलात तरी तो त्या सोळातला एक खातो, हे बारीक अक्षरात असतं.

खरी मेख किंमत कशी ठरते त्यात आहे. काही तिकिटं मैलांवर असतात, २९ हजार, ३४ हजार, ३९ हजार अशा पायऱ्या. पृथ्वीचा घेर विषुववृत्तावर साधारण २४,९०० मैल, म्हणजे २९ हजार म्हणजे चिक्कार असं वाटतं ना? मलाही वाटलं. मग मुलीचा शाळेचा पृथ्वीगोल घेतला, शिवणाचा लाल दोरा घेतला आणि डायनिंग टेबलवर बसून ताणून बघितलं. सिडनी ते लॉस एंजेलिस एवढ्या एकाच दोऱ्यात साडेसात हजार मैल जातात! टोकियो ते लॉस एंजेलिस साडेपाच हजारच. म्हणजे ऑस्ट्रेलिया घातला की मैलांचं तिकीट वरच्या पायरीवर जायला निघतंच. उलट वनवर्ल्डचं जे खंडांवर चालणारं तिकीट आहे त्यात मैल कुणी मोजत नाही, किती खंडांना पाय लावलात तेवढंच बघतात, प्रत्येक खंडात चार फ्लाईट आणि उत्तर अमेरिकेत सहा. तीन खंड सगळ्यात स्वस्त. आणि त्यांचे खंड भूगोलाच्या पुस्तकातले नाहीत बरं का, दोहा त्यांच्या हिशोबात युरोपबरोबर येतं आणि मेक्सिको उत्तर अमेरिकेत. हे कळल्यावर आमचा अर्धा रूट तिथेच ठरला.

आता बडोद्याच्या विमानतळावरून डायरेक्ट कुठे परदेशी जाणार, त्यामुळे एक्स्प्रेसवेने अमदावाद. पण अमदावादहून कतार एअरवेज दोह्याला जाते आणि मलेशिया एअरलाईन्स क्वालालंपूरला, दोन्ही वनवर्ल्डच्या. म्हणजे एका दाराने बाहेर पडायचं आणि दुसऱ्याने आत यायचं, मुंबईचं तोंड बघायची गरजच नाही. (मुंबईला उतरलं की दादर-पार्ल्याच्या नातेवाईकांकडे चार दिवस जातातच, तो खर्च कुणी धरत नाही.)

तर सध्याचा रूट असा: अमदावाद, दोहा, माद्रिद, तिथून न्यूयॉर्क, मग डॅलसवरून मेक्सिको सिटी, परत वर लॉस एंजेलिस, टोकियो, क्वालालंपूर, अमदावाद. फक्त तीन खंड. लंडन मुद्दाम नाही घातलं. एक तर युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून जो एकच शेंगेन व्हिसा असतो त्यावर ब्रिटन चालत नाही, वेगळा व्हिसा काढावा लागतो, आणि दुसरं म्हणजे लंडनहून लांबची फ्लाईट घेतली की तिथलं सरकार माणशी नव्वद-शंभर पाउंडांच्या घरात कर लावतं. तिकिटाचा मूळ भाडं सोडून जो टॅक्स आणि सरचार्जचा भाग असतो ना, तो कंपनी आणि शहर बदललं की बराच हलतो, त्यामुळे एकूण आकडा बघून खूश किंवा नाराज होण्याआधी तो वेगळा काढून बघा. आणि एजंट म्हणाला की हॉटेलंही मीच टाकतो तर जरा थांबा, तिकीट आणि हॉटेल एकत्र आलं की ते परदेशी टूर पॅकेज होतं आणि त्यावर टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा आयकर) कापतात, नुसत्या तिकिटाला तो पॅकेजवाला टीसीएस लागत नाही. आयकर रिटर्न भरताना तो वळता होतो हे खरं, पण तोवर पैसे अडकतात.

दिशेवरून घरात बराच वाद झाला. सासरे म्हणाले, सयाजीराव महाराज १९१० साली गेले ते आधी जपान, मग अमेरिका, मग युरोप, तर तुम्ही उलटे कशाला जाताय? मी म्हटलं बाबा, महाराजांना शेंगेनची अपॉइंटमेंट घ्यायची नव्हती. आपल्या पासपोर्टवर दिशा व्हिसाच ठरवतो, हे मला कुठल्याच परदेशी माणसाच्या लेखात सापडलं नाही कारण त्यांना ती अडचणच नसते. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि आपण ज्या देशात राहतो तिथूनच करायचा असतो, बाहेर पडल्यावर वाटेत कुठे काढू म्हटलं तर जमत नाही. म्हणून युरोप आधी. अमेरिकेचा व्हिसा मिळाला तर बहुतेक दहा वर्षांचा मिळतो, त्यामुळे तो आधी काढून ठेवता येतो, आणि ठेवाच, कारण अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी आपल्याला व्हिसा लागतो. तो पासपोर्टवर असला की मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही, हा एक बोनस. जपानचं जरा अवघड आहे. सिंगल एन्ट्री व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांत तिथे पोचावं लागतं आणि आमच्या रूटमध्ये जपान शेवटाकडे आहे. म्हणजे तिकीट एक वर्ष चालत असलं तरी आम्हाला सगळं अडीच महिन्यांतच बसवावं लागणार. ठीक आहे, एवढीच रजा मिळाली तरी खूप झालं.

आता प्रामाणिक सल्ला. तुम्हाला नुसतं युरोप, न्यूयॉर्क आणि जपान एवढंच करायचं असेल तर हे तिकीट घेऊ नका, सुटी सुटी वन-वे तिकिटं काढा. लॉस एंजेलिस-टोकियो ला झिपएअरसारखी जपान एअरलाईन्सचीच स्वस्त कंपनी आहे, आणि अशा तीन-चार तिकिटांची बेरीज बऱ्याचदा कमी येते. स्टॉप वाढले, मेक्सिकोसारखी आडवाट आली किंवा दक्षिण अमेरिका घातली की मग जगाचं तिकीट परवडतं. आणखी एक फायदा म्हणजे तारीख बदलायला सहसा पैसे पडत नाहीत, शहर बदललं तर मात्र पडतात. आणि मधली एखादी फ्लाईट न सांगता सोडून दिलीत तर पुढची सगळी तिकिटं रद्द होतात, म्हणजे माद्रिदला "अजून दोन दिवस राहू या की" असं परस्पर ठरवून चालणार नाही, आधी फोन करायचा.

निघायचा देश कोणता यावरही भाडं बदलतं, अगदी तोच रूट असला तरी. त्यामुळे जगभरचे लोक आधी दुसऱ्या स्वस्त देशात जाऊन तिथून सुरुवात करतात. आम्ही कोलंबोवरून निघायचा हिशोब करून बघतोय, श्रीलंकन वनवर्ल्डमध्येच आहे, पण मग बडोद्यातून कोलंबोला जायचं आणि शेवटी तिथून परत यायचं भाडं, शिवाय एक-दोन रात्रींचं हॉटेल धरायला लागतं. नवऱ्याने एक्सेलमध्ये दोन रकाने केलेत, एकात कोलंबो आणि एकात अमदावाद, आणि रोज रात्री जेवल्यावर त्यातला एक आकडा तरी बदलतोच.

राहण्याचं म्हणाल तर न्यूयॉर्कची चिंता नाही. न्यूयॉर्कला लागून असलेल्या न्यू जर्सीत ज्यांचं कुणी नाही असं आमच्या सोसायटीत एकही घर नसेल, शेजारच्या बेननी तर रूट ऐकल्या ऐकल्या भावाचा नंबर पाठवला आणि सोबत नेण्यासाठी लीला चिवड्याची (बडोद्याचा ओलसर चिवडा) पाच पाकिटंही सांगितली, जी माद्रिदवरून फिरवत न्यायची. मेक्सिकोवर मात्र अजून एकमत नाही. माझं म्हणणं, व्हिसा फुकट मिळतोय तर जाऊ. नवऱ्याचं म्हणणं, त्याऐवजी तेच दिवस जपानला देऊ. मार्चच्या शेवटी टोकियोत पोचलो तर साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, मिळेल, म्हणजे जानेवारीत निघायला हवं, म्हणजे शेंगेनचा अर्ज जुलैपासून करता येईल. तोवर मेक्सिकोचं ठरलं तर ठीक, नाहीतर डॅलसहून सरळ लॉस एंजेलिस.