नोव्हेंबरअखेरचं माथेरान: दस्तुरी आणि अंधार

दिवाळीची गर्दी ओसरली की नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, तेही मंगळवार-बुधवार बघून, मी माथेरान गाठतो. पावसाळ्यात बंद असलेली नेरळची मिनी ट्रेन तोवर बहुधा सुरू झालेली असते, पण सगळा बेत तिच्यावर बांधत नाही. डबे मोजके आणि रांग लवकर लागते. तिकीट हुकलं की स्टेशनाबाहेरून सीटवारी टॅक्सीने थेट दस्तुरी नाका. टॅक्सी भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून कर्जत-खोपोली लोकलमधून उतरल्यावर चहा नंतर.

दस्तुरीच्या पुढे खाजगी गाड्यांना बंदी. माणशी प्रवेश कर भरायचा, पावती खिशात. बाजार इथून अडीचएक किलोमीटर. आधी जवळच्या अमन लॉज स्टेशनात बाजारापर्यंत जाणाऱ्या शटलची, म्हणजे मिनी ट्रेनच्या छोट्या फेरीची, तिकीट खिडकी बघतो. गाडीला अर्ध्या तासाहून जास्त वेळ असेल तर रुळांच्या कडेने चालू लागतो. पाऊण तासात बाजार येतो. चाकांची बॅग मात्र इथेच दगा देते: लाल मातीतले बारीक खडे आसात अडकतात आणि चाक फिरायच्या ऐवजी घासत जातं. पाठपिशवी आणा, नाहीतर हमाल करा, पैसे आधी ठरवून. घोडा घ्यायचा तर ‘पाच पॉइंट’ म्हणजे नेमके कोणते, ते नावं घेऊन वदवून घ्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी नको. माकडांना तिचा आवाज पुरतो.

या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. सनसेट पॉइंटवर, म्हणजे पॉर्क्युपाइनवर, समोर प्रबळगड असतो. बिंब गेल्यावरही लोक फोटोत रमतात आणि परतीच्या वाटेवर फसतात. इथलं जंगल सदाहरित (पानगळ बघायची हौस असेल तर दुसरं ठिकाण शोधा). त्यामुळे जांभूळ-हिरड्यांखाली उघड्या कड्यापेक्षा बराच आधी काळोख होतो, आणि वाटेवर मुळं वर आलेली असतात. टॉर्च वेगळा ठेवावा. मोबाइलची बॅटरी फोटोंनी खाल्लेली असते.

पॅनोरमा पॉइंटला सूर्योदय साधायचा तर उलटं गणित. सूर्य सातच्या थोडा आधी उगवतो, बाजारातून चाल तासाहून जास्त, म्हणजे सव्वापाचला बाहेर पडायचं. स्वेटरपेक्षा पातळ विंडचीटर बरा: चालताना घाम येतो, कड्यावर वारा लागतो.

परतीच्या शेवटच्या शटलची वेळ मी पोचल्या दिवशीच स्टेशनवर विचारून ठेवतो आणि तिच्या आधीची गाडी धरतो. खाली दस्तुरीला टॅक्सी भरायला पुन्हा वेळ जातोच.