थंडी सोसणारा जीन कायमचा चालू का ठेवत नाही?

निफाडकडे पारा चार-पाच अंशांवर उतरला की मामांचा फोन ठरलेला. रात्रभर द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून ते दमलेले असतात, आणि प्रश्न दरवर्षी तोच: "थंडी सोसणारा जीन सापडलाय म्हणतोस, मग तो कायमचा चालूच करून का देत नाही?"

मामा, तुम्ही विचारलंत म्हणून जरा नीट सांगतो.

ही जनुकं सगळ्यांत चांगली उलगडली ती अरॅबिडॉप्सिसवर. मोहरीच्या कुळातलं, वीतभर वाढणारं तण आहे ते. २२ अंशांतलं रोप ४ अंशांत ठेवलं, की पंधरा मिनिटांत त्याची 'सीबीएफ' जनुकं जागी होतात. ती मुकादमासारखी. त्यांची प्रथिनं दुसऱ्या कितीतरी जनुकांना कामाला लावतात. मग साखर साठते, पेशीची पटलं जपणारी प्रथिनं तयार होतात. थंड देशांतला हिवाळी गहू एकदम गोठवला तर उणे ५ अंशांच्या आसपास मरतो. त्याला आधी काही आठवडे हलकी थंडी लागू दिली, तर उणे २० पर्यंत तगतो.

यात हार्मोनचाही हात असतो. बर्फ आधी पेशीबाहेर धरतो आणि आतलं पाणी ओढून घेतो, म्हणजे पेशीच्या दृष्टीने तो दुष्काळच. पाणी तुटलं की झाड अ‍ॅब्सिसिक आम्ल बनवतं. 'आरडी२९ए' या संरक्षक जनुकाच्या पुढ्यात सीबीएफला बसायला एक जागा आहे, आणि या हार्मोनचा निरोप घ्यायला दुसरी. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या आकृतीकडे बघत बसलो होतो.

आता तुमचा प्रश्न. सीबीएफ कायम चालू ठेवून पाहिलंय. रोप गोठणं सोसतं, पण खुरटतं, कारण त्यामुळे जिबरेलिन मोडणारी एन्झाइमं वाढतात. जिबरेलिन म्हणजे वाढीचं हार्मोन, तुम्ही घड ज्यात बुडवता ते जीए. ते वरून फवारलं की खुजं रोप पुन्हा वाढू लागतं. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी सीबीएफच्या एका जनुकाला आरडी२९एचं बटण जोडलं, म्हणजे ताण आला तरच चालू. ते रोप जवळजवळ नेहमीसारखं वाढलं, आणि गोठणं, दुष्काळ, खारं पाणी, तिन्ही सोसून गेलं.

पण प्रत्येक पिकात हे जमत नाही. टोमॅटोत सीबीएफ आहे, थंडीत ते जागंही होतं, तरी टोमॅटो गोठणं सोसायला शिकत नाही. तेच जनुक अरॅबिडॉप्सिसमध्ये घातलं तर मात्र काम करतं. टोमॅटोत मुकादम आहे, हाताखाली माणसं कमी.

आणि द्राक्षाचं म्हणाल, तर युरोपात कडाक्याच्या थंडीत वेल पानं गाळून झोपलेला असतो. तुमच्याकडे नेमकं तेव्हाच मण्यांत पाणी उतरत असतं, म्हणजे द्राक्ष पिकायला लागलेलं असतं. त्या हिरव्या, जाग्या वेलीकडून झोपलेल्या वेलीएवढी सोसण्याची अपेक्षा मी करू शकत नाही. ओली जमीन ऊब धरून ठेवते, म्हणून या आठवड्यात पहाटेचं ठिबक बंद करू नका.